मुंबईची यादी आणि फुफूंचा रोल

कोकणातून कोणी मुंबईला निघाले की घराघरातून यादी येते. आजोबांच्या काळात माणसे बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरत, तेव्हाही खिशात यादी असायचीच. आता आपण कोकण रेल्वेने पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो आणि यादी मोबाईलमध्ये असते, एवढाच फरक. क्रॉफर्ड मार्केटचा सुका मेवा, मंगलदास मार्केटचे कापड, मोहम्मद अली रोडवरचे अत्तर आणि मुलांसाठी उर्दू किताबा. गेल्या जानेवारीत आम्ही तिघी जी यादी घेऊन निघालो, ती मात्र आमच्या गावातून याआधी कोणी नेली नसेल. एक काळी टाकी, दोन थर्मामीटर, मोजपात्रे, तपकिरी बाटल्या, डेव्हलपरची पूड आणि एक किलो हायपो. गाडीत समोर बसलेल्या बाईंनी यादी ऐकून विचारले, "दवाखाना काढताय की शाळेची लॅब?" आम्ही म्हटले, "रोल धुवायचाय."

नव्या मुलांना हा शब्दही ठाऊक नसेल. फोटोचा रोल बाजारात 'धुवायला' टाकायचा, चार दिवसांनी आणायला जायचे, आणि मग कळायचे की कोणाचे डोळे मिटले आणि कोणाचे डोके कापले गेले. आमच्या घरात असाच एक रोल चाळीसहून अधिक वर्षे न धुता पडून होता.

आम्ही तिघी म्हणजे आम्ही दोघी बहिणी आणि धाकटीची मुलगी. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, धाकटी विज्ञान शिकवते, भाची कॉलेजात आहे. रोल आमच्या फुफूंचा. १९८३ साली अब्बांनी त्यांना मुंबईहून आगफाचा 'क्लिक थ्री' कॅमेरा आणून दिला होता. भारतातच बनणारा, सोपा आणि मजबूत कॅमेरा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्या मे महिन्यात फुफूंनी घरातल्या बायकांचे फोटो काढले. मागच्या दारी, विहिरीवर, तांदूळ निवडताना, केस सुकवताना. बाहेरचा फोटोग्राफर जिथे कधीच आला नसता तिथले. पण रोल धुणारा स्टुडिओ बाजारात आणि धुणारे सगळे पुरुष. घरातल्या बायका डोक्यावर पदर नसताना ज्या फोटोंत आहेत, तो रोल नामहरमाच्या हातात द्यायला फुफू तयार झाल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले, त्या सासरी गेल्या आणि कॅमेरा पेटीच्या तळाशी गेला.

१९८७ मध्ये आमच्या अम्मीचा इंतकाल झाला. तेव्हा आम्ही आठ वर्षांच्या होतो आणि धाकटी सहा. अम्मीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. धाकटीला तर चेहराही आठवत नाही, फक्त हाताचा स्पर्श आठवतो असे ती म्हणते. मागच्या वर्षी घर शाकारायला काढले तेव्हा पेटी उघडली. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल काचेतून ९ चा आकडा दिसत होता. म्हणजे आत रोल होता. फुफूंना फोन केला तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यात तुमची अम्मी आहे. धुता आला तर धुवा. पण शर्त तीच. बाहेरच्याने पाहायचे नाही."

फोटो काढावा की काढू नये, यावर आपल्या घरांमध्ये वेगवेगळी मते आहेत. तो मसला उलमांकडे सोपवू. आमच्यापुढचा प्रश्न साधा होता. एका बाईने आपल्या घरच्या बायकांची अमानत सांभाळली होती आणि ती आता आमच्याकडे आली होती. ती उघडायची तर आमच्याच हातांनी उघडायला हवी होती.

म्हणून शनिवारचा दिवस धरला. चोर बाजारातली दुकाने शुक्रवारी बंद आणि फोर्टमधली रविवारी. एकाच दिवसात सगळे हवे असेल तर शनिवारच बरा.

टर्मिनससमोरचा रस्ता ओलांडून आत शिरले की बोरा बाजार लागतो. स्टेशनच्या दगडी घुमटाकडे पाहणाऱ्यांची गर्दी मागे राहते आणि अरुंद गल्ल्यांत कागदवाले, छपाईवाले, खाणावळी आणि कॅमेऱ्यांची दुकाने सुरू होतात. मुंबई आणि फोटो यांचे नाते जुने आहे. युरोपात फोटोची कला १८३९ मध्ये जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापनही झाली होती. आज दुकानांच्या काचेआड डिजिटल कॅमेरे, लग्नाच्या शूटिंगचे दिवे आणि ड्रोन दिसतात. रोलचे सामान विचारले की दुकानातला तरुण मुलगा आतल्या म्हाताऱ्या शेठना हाक मारतो. आम्हाला तिसऱ्या दुकानात असे शेठ भेटले.

त्यांनी आधी रोल कोणता ते विचारले. आम्ही तो घरीच ठेवून आलो होतो. पण अंधुक उजेडात कॅमेऱ्याची चावी शेवटपर्यंत फिरवून रोल काढताना कागदावरचे नाव टिपून घेतले होते. ओर्वो, एनपी २२. "पूर्व जर्मनीचा," शेठ म्हणाले. "तेव्हा हा चालायचा, नाहीतर आपल्या उटीचा इंदू. आता दोन्ही इतिहास." उटीच्या सरकारी फिल्म कारखान्याची कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली होती, तो कारखानाही आता बंद पडला आहे.

मग त्यांनी टाकी दाखवली. रोल धुण्याच्या सामानात हीच मुख्य वस्तू, बाकी सगळे तिच्याभोवती येते. टाकी म्हणजे झाकण असलेला डबा. झाकणाची रचना अशी की पाणी आत जाते पण उजेड जात नाही. आत एक चक्री असते, तिच्या सर्पिल खाचांत फिल्म गुंडाळून बसवायची, म्हणजे फिल्मचा एक वेढा दुसऱ्याला चिकटत नाही आणि औषध सगळीकडे पोहोचते. फिल्म चक्रीवर चढवण्याचे काम तेवढे पूर्ण काळोखात करायचे. एकदा झाकण लागले की पुढचे सगळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर, दिवा लावून करता येते.

टाक्या दोन जातींच्या. एक स्टीलची. तिची चक्री तारेची, पुसली की लगेच कोरडी. आपल्या कोकणातल्या दमट हवेला हीच बरी असे आम्ही ऐकून गेलो होतो. दुसरी प्लास्टिकची. तिची चक्री मागेपुढे फिरवली की फिल्म आपोआप आत सरकते आणि रुंदी कमीजास्त करून लहान-मोठे दोन्ही रोल बसतात. पण ती जराही ओली असेल तर फिल्म मध्येच अडकते. शेठनी दोन्ही काऊंटरवर ठेवल्या, एक वाया गेलेली फिल्म दिली आणि भाचीला म्हणाले, "बेटी, आँख बंद करो और चढाओ."

तिने डोळे मिटले. प्लास्टिकच्या चक्रीवर पहिल्या वेळी अडखळली, मग तीनदा ओळीने चढवली. स्टीलच्या चक्रीवर फिल्म मधल्या क्लिपमध्ये अडकवून, किंचित वाकवून, आतून बाहेर गुंडाळत न्यावी लागते. तीत पाचपैकी एकदाच जमले. चार वेळा फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटले. जिथे चिकटतात तिथे औषध पोहोचत नाही आणि तो फोटो जातो. आमचा निर्णय तिथेच झाला. ओलसरपणाचा बंदोबस्त घरी करता येईल, पण हात एका दिवसात तयार होत नाही. प्लास्टिकची टाकी घेतली. तिच्या बुडावर लिहिलेले असते की कोणत्या रोलला किती औषध लागेल. लहान ३५ मिलिमीटरच्या रोलला २९० मिलिलिटर, आमच्या १२० नंबरच्या रोलला ५००. हा ५०० चा आकडा लक्षात ठेवला, कारण पुढची सगळी खरेदी त्याच्यावर ठरणार होती.

शेठनी बिल करताना विचारले, "एकच रोल आहे ना? मग एवढा खटाटोप कशाला? माझ्या ओळखीची लॅब आहे. रोल पाठवून द्या, आठवड्यात निगेटिव्ह हातात. त्यांनी हजारो रोल धुतले आहेत."

खरे सांगायचे तर तिघींचेही पाय तिथे थबकले. ते बोलत होते ते बरोबरच होते. रोल एकच, चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि आमच्यापैकी कोणीच आजवर रोल धुतलेला नाही. आमच्या हातून बिघडला तर अम्मीचा चेहरा कायमचा जाणार. लॅबमध्ये दिला तर वाचण्याची आशा जास्त, पण शर्त मोडणार. धाकटी काही बोलेना. तिला तर तो चेहरा आठवतही नाही, तिचे नुकसान सगळ्यांत मोठे. आम्ही दुकानाबाहेर येऊन फूटपाथवरून फुफूंना फोन लावला आणि सगळे जसेच्या तसे सांगितले.

फुफूंनी विचारले, "लॅबमध्ये बाई आहे का?" शेठना विचारून आलो. नाही.

"मग नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या अम्मीने मला म्हटले होते, तू काढतेस म्हणून उभी राहते. त्या बाकीच्या बायकांनीही तेच म्हटले होते. त्यातल्या चार तर आता अल्लाहकडे गेल्या. त्यांची इजाजत मी कुठून आणू?"

"आणि बिघडला तर?"

"तर बिघडला. तुम्ही बिघडवलात याचा मला राग येणार नाही."

धाकटीने फोन ठेवला आणि आत जाऊन म्हणाली, "शेठ, सरावासाठी एक नवा रोलपण द्या." शेठनी पुन्हा आग्रह केला नाही. उलट एक गोष्ट स्वतःहून सांगितली. जुन्या फिल्मवर धुरकटपणा चढलेला असतो. औषध ताजे वापरायचे, गरम होऊ द्यायचे नाही आणि वेळ थोडा जास्त द्यायचा.

काळी पिशवी मात्र आम्ही घेतली नाही. दोन बाह्यांची, चेन लावलेली ही पिशवी अंधाऱ्या खोलीऐवजी वापरतात. हात आत घालून फिल्म चढवायची. पण १२० च्या रोलला पाठीमागे लांबलचक काळा कागद असतो. तो सोडवून बाजूला करायला पिशवीत जागा कमी पडते, आणि काही मिनिटांतच हातांच्या घामाने आत वाफ धरते. आमच्या घराला माजघरालगत बिनखिडकीची कोठी आहे. फुकटची अंधारी खोली असताना पिशवीवर पैसे कशाला?

बोरा बाजारातून चालत क्रॉफर्ड मार्केटला आलो. आता त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, पण जिभेवर जुनेच नाव. तिथून आत वळले की जामा मशीद. कोकणी मुसलमानांना या मशिदीचा वेगळा जिव्हाळा आहे, तिच्या उभारणीत आपल्या लोकांचा हात होता. बांधकाम १८०२ मध्ये पूर्ण झाले. जागेवर जुना तलाव होता, तो न बुजवता त्याच्यावरच मशीद उभारली. आजही आत पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येते आणि नमाजी तिथे वुजू करतात. बाजाराच्या ऐन गर्दीत, उन्हात, आत पाणी शांत आहे ही कल्पनाच बरी वाटते. आम्ही बाहेरूनच सलाम करून पुढे निघालो.

मशिदीजवळूनच प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे शामलदास गांधी मार्ग सुरू होतो. औषधांचे घाऊक व्यापारी, प्रयोगशाळेची काचेची भांडी आणि रसायने यांची ही पेठ. इथे धाकटीचे राज्य. तिने दुकानदाराकडे लाल द्रवाची सहा थर्मामीटरे मागितली आणि सगळी एकाच पाण्याच्या पेल्यात उभी केली. पाच मिनिटांनी पाहिले तर चार एकच आकडा दाखवत होती, एक दीड अंशाने पुढे आणि एक अंशाने मागे. तिने जुळणाऱ्या चारांतली दोन उचलली. पाऱ्याचे घेतले नाही, घरात फुटले तर पंचाईत. दुकानदार हसून म्हणाला, "टीचर आहात ना?"

तापमानाला एवढे महत्त्व का, तेही सांगायला हवे. रोल धुण्याचे कोष्टक सहसा २० अंश सेल्सिअसचे असते. आपल्याकडे नळाचे पाणी उन्हाळ्यात ३० च्या आसपास. पाणी जितके गरम तितके औषध जलद काम करते, आणि वेळ फार कमी झाली की फोटोवर पट्टे-डाग येतात. जुन्या रोलचा धुरकटपणाही वाढतो. म्हणून आम्ही जानेवारी धरला होता. मे महिन्यात हे काम कोकणात करू नये.

मोजपात्रे दोन घेतली, ५०० मिलिलिटरचे एक आणि १०० चे एक. बाटल्या तपकिरी, घट्ट बुचाच्या. इथे एक बारकावा आहे. डेव्हलपर हवेने खराब होतो. लिटरची एकच बाटली घेतली तर पहिला रोल धुतल्यावर ती अर्धी रिकामी आणि आत हवा. म्हणून अर्ध्या लिटरच्या दोन घेतल्या, दोन्ही गळ्यापर्यंत भरायच्या. एक सरावाच्या रोलची, दुसरी फुफूंच्या रोलची.

डेव्हलपरसाठी दोन वाटा होत्या. डी-७६ हे औषध गेली कित्येक दशके जगभर वापरले जाते आणि त्याची कृती उघड आहे. मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि पाणी एक लिटर होईपर्यंत. चारही वस्तू सुट्या घेता आल्या असत्या. पण दोन ग्रॅम बिनचूक मोजायला सोनाराचा काटा हवा आणि एका लिटरसाठी तो घेणे परवडत नाही. त्यामुळे लिटरभराचे तयार पाकीट आम्ही शेठकडूनच घेतले होते. हायपो मात्र सुटा घेतला. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, काचेच्या खड्यांसारखे स्फटिक. जिथे उजेड पडला नाही तिथली शिल्लक चांदी हा विरघळवून टाकतो आणि मग फोटो उजेडात टिकतो. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने याचा हा गुण १८१९ मध्येच नोंदवला होता. लिटरला २५० ग्रॅम, घरच्या काट्यावर मोजले तरी चालते. नुसत्या हायपोमध्ये आम्ल पडले तर गंधक सुटून तो गढूळ होतो. म्हणून मधल्या पायरीला व्हिनेगर न वापरता साधे पाणी वापरायचे ठरवले. एक वस्तू यादीतून कमी झाली.

जोहरची वेळ होत आली होती. मोहम्मद अली रोडला आमच्या मावसबहिणीचे घर आहे, तिच्याकडे नमाज आणि जेवण केले. तिच्या गॅलरीतून भेंडी बाजाराकडे पाहिले तर जुन्या चाळींच्या जागी उंच टॉवर उभे राहत आहेत. ती म्हणाली, "इथे ज्यांनी मला लहानपणी खेळवले त्या खाला कुठे गेल्या कोण जाणे. त्यांच्या चाळीचाही फोटो कोणी काढला नाही." मग तिने पिशवीतली टाकी हातात घेऊन पाहिली आणि विचारले, "यात मावशी आहे?" कोणी उत्तर दिले नाही. तिने टाकी हळूच परत ठेवली.

दुपारनंतर चोर बाजार. मटण स्ट्रीटवर जुनी घड्याळे, ग्रामोफोन, जहाजांचे दिवे, सिनेमाची पोस्टरे आणि मधूनमधून कॅमेऱ्यांचे ढीग. एका दुकानात स्टीलची टाकी मिळाली, नव्या टाकीच्या निम्म्याहून कमी किमतीत. दुकानदार म्हणाला, "आपा, जर्मन माल है, ले जाओ." भाचीने ती समोरच्या चहावाल्याकडे नेली, पाणी भरले, झाकण लावून उलटी केली. झाकणाच्या कडेने धार लागली. चक्री डोळ्यांसमोर धरून फिरवली तर एका बाजूला दबलेली, दोन तारांमधले अंतर कमी. जुन्या सामानात नेमके हेच तपासायचे. झाकण गळते का आणि चक्री सरळ आहे का. टाकी परत दिली. त्याच दुकानातून फिल्म वाळत घालायच्या स्टीलच्या दोन जड क्लिपा घेतल्या. त्यांत बिघडण्यासारखे काही नव्हते.

असा सगळा खर्च एका साध्या मोबाईलच्या निम्म्या किमतीत बसला. रात्रीच्या गाडीने परतलो.

घरी आल्यावर घाई केली नाही. आधी कोठी तपासली. दार बंद करून तिघी दहा मिनिटे आत बसलो. डोळे सरावल्यावर दाराच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसली. तिथे गोधडी लावली. काटे चमकणारे घड्याळ आणि मोबाईल बाहेर ठेवले. बसरा शहरात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी अशाच अंधाऱ्या जागेत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता, हे आम्ही मुलांना शिकवतो. काळोख म्हणजे काय हे मात्र त्या कोठीत बसल्यावर कळले.

डी-७६ ची पूड साधारण ५० अंशांच्या कोमट पाण्यात विरघळवून, एक रात्र थंड होऊ दिली. हायपो विरघळताना पाणी स्वतःच गार होते, म्हणून तेही कोमट घ्यावे लागते. यासाठी स्वयंपाकाचे एकही भांडे वापरले नाही आणि हातमोजे घातले. हे दोन नियम प्रत्येक घराने पाळावेत, आणि बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

सरावाचा रोल भाचीने अंगणात काढला. झाडे, कोंबड्या, गडगा. विहिरीचे पाणी २४ अंश होते. घमेल्यात बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या केल्या आणि २० वर आणल्या. औषध ओतले, पहिला अर्धा मिनिट टाकी उलटसुलट केली, मग दर मिनिटाला थोडी. मग पाणी, मग हायपो. हायपोला किती वेळ द्यायचा, याची युक्ती धाकटीने केली. फिल्मचा एक कोरा तुकडा आधी हायपोत टाकला. त्याचा दुधी रंग जाऊन तो चार मिनिटांत पारदर्शक झाला. त्याच्या दुप्पट, म्हणजे आठ मिनिटे दिली. शेवटच्या धुण्याला नळ सोडून ठेवायची गरज नसते. टाकी भरून पाच वेळा उलटायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. वुजूतही पाणी जपून वापरायला शिकलेल्या माणसांना ही पद्धत पटते. बाराही फोटो आले.

दुसऱ्या रात्री, इशानंतर, फुफूंचा रोल घेऊन भाची कोठीत गेली. चक्री आदल्या दिवसापासून तांदळाच्या डब्यात ठेवून कोरडी केली होती. आम्ही दोघी दाराबाहेर बसलो. आतून कागद सुटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. धाकटी तसबीह फिरवत होती. सात-आठ मिनिटांनी आतून आवाज आला, "लागले झाकण." पुढचे आम्ही तिघींनी मिळून केले. वेळ शेठनी सांगितल्याप्रमाणे थोडी जास्त, साडेनऊ मिनिटे. हायपो ओतून काढला, झाकण उघडले आणि फिल्म उजेडात धरली.

फिल्म सगळीच करडी झाली होती. नऊपैकी चार चौकोनांत काहीच नाही. तीन अंधुक, त्यांत सावल्या दिसतात. दोन स्पष्ट. शेवटचे दोन.

त्यांत काय आहे ते इथे लिहिणार नाही. फुफूंनी एवढेच सांगायची इजाजत दिली आहे की अम्मी आहे, आणि ती हसते आहे. धाकटीने निगेटिव्ह खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये केस पांढरे आणि चेहरा काळा दिसतो, ओळख पटत नाही. तरी ती म्हणाली, "हात तसेच आहेत."

निगेटिव्ह वाळल्यावर त्या टॅबच्या पांढऱ्या उजेडावर ठेवून मोबाईलने फोटो घेतले आणि त्यांचे काळे-पांढरे उलटवले. त्याआधी मोबाईलचे नेट बंद केले आणि फोटो आपोआप दुसरीकडे चढवण्याची सोयही बंद केली. नाहीतर चाळीस वर्षे सांभाळलेली अमानत एका मिनिटात कुठल्या कुठे गेली असती. दोन प्रिंट भाचीच्या घरच्या प्रिंटरवर काढल्या. एक फुफूंकडे गेली, एक आमच्या कपाटात आहे. मोबाईलमधून फोटो पुसून टाकले. निगेटिव्ह बटर पेपरमध्ये, तांदळाच्या नव्हे, कपड्यांच्या पेटीत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो विहिरीजवळ ओतू नये. आम्ही कॅनमध्ये साठवला आहे. एक्स-रेवाल्यांचा असा हायपो विकत घेणारे लोक असतात, पुढच्या मुंबईच्या फेरीत तो त्यांना द्यायचा.

गावात ही बातमी बायकांमार्फत पसरली. लग्नाची डेग जशी घरोघर फिरते तशी आता आमची टाकी फिरते. आतापर्यंत तीन घरांतून रोल आले. त्यांतला एक पूर्ण कोरा निघाला, एक रंगीत होता. त्याचे औषध वेगळे असते, म्हणून तो तसाच परत दिला. तिसऱ्यात एका घराची गेल्या पिढीची ईद निघाली. प्रत्येक वेळी भाची आधी एकच प्रश्न विचारते, "यात कोण कोण आहे, आणि त्यांना चालेल का?" उत्तर मिळाल्यावरच ती कोठीत जाते.

आपल्या घरातल्या पेटीत, कपाटाच्या वरच्या खणात असा कॅमेरा असेल तर त्याचे मागचे झाकण उघडू नका. आधी लाल काचेत आकडा दिसतो का ते पाहा. मग घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला विचारा.